इंदूर पोलिसांच्या जुन्या गाड्या बदलायच्या तर नवी कुठली घ्यावी, आणि ती ठरवावी कशी?

रामबागकर
नमस्कार मंडळी. नोव्हेंबर २०१५ मध्ये डायल हंड्रेड, म्हणजे १०० नंबर फिरवला की पोलिसांची गाडी येते ती सेवा, सुरू झाली तेव्हा मध्यप्रदेशात एकदम १००० सफारी स्टॉर्म आल्या होत्या. राजवाड्यासमोर लाल-निळ्या दिव्याची ती मोठी गाडी उभी दिसायला लागली आणि लोकांना खरंच धीर आला होता. मग २०१९ मध्ये टाटाने स्टॉर्म बनवणंच बंद केलं, पण पोलिसांकडच्या गाड्या मात्र पळतच राहिल्या, दिवसरात्र, उन्हाळा-पावसाळा, आणि शेवटी शेवटी त्यांची काय दशा झाली होती ते आपण सगळ्यांनी रस्त्यावर बघितलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या जागी ११२ नंबरची सेवा आली, राज्याला १२०० नव्या गाड्या, शहरांत स्कॉर्पिओ-एन आणि गावांकडे बोलेरो निओ अशी वाटणी.

हे झालं ११२ चं. पण ठाण्याची स्वतःची गाडी असते ना, टीआय म्हणजे ठाणेदार साहेबांची, रात्रीच्या गश्तीची म्हणजे फेरीची, आरोपीला कोर्टात न्यायची, वॉरंट घेऊन खेड्यात जायची, त्यातल्या बऱ्याच अजून जुन्याच आहेत. आमच्या भागात मी स्वतः गश्तीच्या गाडीला दोन शिपाई धक्का मारताना पाहिलंय, तेही गणपतीच्या दिवसांत. ज्यांना आपण संकटात हाक मारतो त्यांची गाडीच सुरू होत नसेल तर काय अर्थ आहे? आज ना उद्या या गाड्या बदलणारच. मग कुठली घ्यावी? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठरवावं कशावरून? इथे गाड्यांतले जाणकार आहेत, खात्यात काम केलेले आहेत, म्हणून धागा काढला. नीट चर्चा झाली तर आपण एक निवेदन तयार करून पाठवू असं मनात आहे.

माळवा_एक्सप्रेस
यात विचार कसला भिया, सरसकट स्कॉर्पिओ-एन. पाच स्टार आहेत ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्यांचे, २०२२ चे. इंजिनात दम आहे, लॅडर फ्रेम म्हणजे खाली शिडीसारखा दणकट सांगाडा आहे, लोकांवर वचक पण बसतो. चोर पल्सरवर पळतो आणि आपले पोलीस जुन्या बोलेरोत मागे, कसं पकडणार? ११२ ला दिली तशीच ठाण्यांनाही द्या, पार्ट एकच, मेकॅनिक एकच, सगळं सोपं.

पागनीसपागा
माळवा दादा, तुमची स्कॉर्पिओ-एन एकदा संध्याकाळी सातला मारोठिया बाजारातून काढून दाखवा. ४६६२ मिलिमीटर लांब आणि १९१७ रुंद गाडी आहे ती, ही रुंदी आरसे सोडून. आरसे धरले की दोन मीटरच्या पुढे. आमच्याकडे गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटी लावलेल्या, मध्ये हातगाडी, वर कोणाच्या तरी घरचं बांधकाम चालू, रेती रस्त्यावर. सीतलामाता बाजार, बर्तन बाजार, बोहरा बाखल, इतवारिया, सगळीकडे तेच. होळकरांच्या काळात हे रस्ते घोडे आणि तांगे जातील असे झाले, ते आता कोणी रुंद करून देणार नाही, आणि करू पण नये.

आमच्या वाड्यात चोर शिरला होता तेव्हा फोन केल्यावर गाडी लवकर आली, पण चौराह्यावरच थांबली आणि शिपाई तिथून पळत आले. त्यांनी काही कमी केलं नाही, धापा टाकत आले बिचारे. पण अर्ध्या गल्लीत गाडी जात नसेल तर त्या इंजिनाच्या दमाचं करायचं काय? माझे दीर पोलिसात आहेत, आरक्षक, ते म्हणतात जुन्या शहरात सगळ्यात उपयोगाची मोटरसायकलच, गाडी फक्त माणूस बसवून न्यायला.

माळवा_एक्सप्रेस
ताई, गल्लीचा मुद्दा मान्य आहे. पण मग बोलेरो निओ घ्या म्हणाल तर तिला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एकच स्टार दिलाय आणि बॉडीचा सांगाडा अस्थिर असं लिहिलंय. चार मीटरच्या आत बसते, रुंदी १७९५, शंभर हॉर्सपॉवर, हे सगळं ठीक. पण बायपासवर ट्रकच्या मागे जाऊन आपटली तर? पोलिसांच्या गाडीला अपघाताची जोखीम आपल्यापेक्षा जास्तच असते ना, ते घाईत असतात, सिग्नल तोडून जातात, रात्री तीनला अर्धवट झोपेत चालवतात. आणि मागच्या, बाजूला तोंड असलेल्या आडव्या सीटवर आरोपी बसवायचा, हातात बेड्या, धरायला काही नाही, ब्रेक लागला की तो थेट पुढे. आरोपी असला म्हणून काय झालं, माणूसच आहे, आणि त्याच्याशेजारी आपला शिपाई पण बसलेला असतो.

रामबागकर
हा मुद्दा फार महत्त्वाचा काढलात. खरं सांगायचं तर मागच्या सीटवर कोण आणि कसा बसतो याचा विचार गाडी निवडताना कोणी केला असेल असं वाटत नाही.

डिझेल_आणि_धूर
माझं लोहामंडीकडे गॅरेज आहे, तीस-चाळीस गाड्या दर महिन्याला हाताखालून जातात, त्यात भाड्याने सरकारी कामाला लावलेल्या पण असतात. तुम्ही लोक लांबी रुंदी आणि स्टार बघून राहिलेत पण पोलिसांच्या गाडीला मारतं काय ते कोणी बोलत नाहीये. तिला मारतं उभं राहणं.

गश्तीची गाडी चोवीस तासांतले किती तास चालते आणि किती तास चौराह्यावर इंजिन चालू ठेवून उभी असते ते बघा एकदा. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत आत बसलेला माणूस एसी बंद करणार नाही, आणि करू पण नये त्याने. म्हणजे इंजिन चालूच. किलोमीटरचा काटा हलत नाही पण इंजिन घासतंय, तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जातंय. मग ऑफिसात बसून कागद बघणारा म्हणतो की गाडी फक्त इतकीच चालली, ऑईल बदलायला अजून वेळ आहे. अरे, किलोमीटर कशाला बघता, तास बघा! जेसीबीला, ट्रॅक्टरला तासांवर सर्व्हिस होते, ह्यांच्यावर पण तसाच मीटर लावला पाहिजे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त डेंजर आहे. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी समजा. ती काजळी जाळायला धूर खूप गरम व्हावा लागतो, साधारण ६०० डिग्रीच्या आसपास, आणि तो होतो गाडी पंधरा-वीस मिनिटं हायवेच्या स्पीडने सलग पळाली तर. राजवाडा ते मल्हारगंज ते परत राजवाडा फिरणारी गाडी तेवढी कधीच गरम होत नाही. जाळी भरते, पिवळा दिवा लागतो, ड्रायव्हर दुर्लक्ष करतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं दिव्याचा अर्थ. मग गाडी स्वतःच पॉवर कमी करून घेते, ॲक्सिलरेटर दाबा नाहीतर उभं राहा त्याच्यावर. ह्यात आणखी एक, काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, ते अर्धवट जळलं की खाली ऑईलमध्ये मिसळतं, ऑईल पातळ होतं, बेअरिंग जातात. जुन्या बोलेरोला हे काही नव्हतं, काळा धूर सोडायची आणि चालायची. नवीन गाडीला जुन्यासारखं वापराल तर वर्ष-दीड वर्षात रडाल.

पागनीसपागा
भाऊ हे खूप कामाचं लिहिलंत. म्हणजे गाडी चौराह्यावर उभी असते तेव्हा ती विश्रांती घेते असं नाहीच. दिरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले तो पिवळा दिवा त्यांनी पाहिलाय, ड्रायव्हर म्हणाला सेन्सरचं आहे, चालू द्या.

सातासमुद्रापार
मी मूळचा स्नेहलतागंजचा, गेली बरीच वर्षं मिशिगनमध्ये, गाड्यांच्याच क्षेत्रात. धूर भाऊ जे बोलले त्याला दुजोरा देतो, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनमध्ये पोलीस बीएमडब्ल्यू वापरायचे, एन५७ नावाचं डिझेल इंजिन. त्यातली एक गाडी २०२० मध्ये हायवेवर धावताना इंजिन फुटून पेटली आणि चालवणारा अधिकारी गेला. पुढे कंपनीने सांगितलं की हा त्रास पोलिसांच्या वापराच्या पद्धतीमुळे होतो, सामान्य गिऱ्हाइकाला नाही. पद्धत म्हणजे तीच, तासन्तास उभ्याने इंजिन चालू आणि मग फोन आला की एकदम फुल स्पीड. चांगल्यातली चांगली गाडी असली तरी ती ह्या कामासाठी तपासलेली नसेल तर काय होतं त्याचं हे उदाहरण आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. इथे फोर्ड क्राऊन व्हिक्टोरिया ही पोलिसांची ठरलेली गाडी होती, मोठं व्ही-८ इंजिन, लॅडर फ्रेम, ठोकली तरी दुरुस्त करून परत रस्त्यावर. २०११ मध्ये ती बंद झाली आणि सगळ्या खात्यांना नव्याने निवड करावी लागली. बऱ्याच जणांनी एक्सप्लोररवर बनवलेली पोलीस गाडी घेतली. मग २०१७ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहराने आपल्या जवळजवळ ४०० एक्सप्लोरर एकदम रस्त्यावरून काढल्या, कारण आत बसणाऱ्या पोलिसांना कार्बन मोनॉक्साईडचा त्रास होऊ लागला होता. फोर्डचं म्हणणं पडलं की नंतर दिवे, रेडिओ, वायरिंग बसवताना जी भोकं पाडली ती नीट बंद केली नव्हती, तिथून धूर आत आला. तेव्हा गाडी निवडणं अर्धंच काम आहे, तिच्यात सामान कोण आणि कसं बसवतो ते उरलेलं अर्धं.

आणि ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते आता सांगतो. इथली मिशिगन स्टेट पोलीस दरवर्षी नव्या मॉडेलच्या पोलीस गाड्या स्वतः ट्रॅकवर नेऊन तपासते. किती सेकंदात किती स्पीड, ब्रेक मारल्यावर किती फुटांत थांबते, वळणांवर कशी वागते, आणि आत बसून पोलिसाला कसं वाटतं, पट्टा-पिस्तूल लावून सीटवर बसता येतं का, रेडिओला हात पोचतो का, याचे सुद्धा मार्क. सगळा रिपोर्ट जाहीर, कोणीही वाचू शकतो, आणि देशभरातल्या छोट्या छोट्या गावांचे पोलीस तो बघून गाडी घेतात. लॉस एंजेलिस काउंटीचे शेरीफ पण अशीच चाचणी घेत आलेत.

तुम्ही म्हणाल हे अमेरिकेत ठीक आहे. पण मंडळी, आपल्या उशाशी पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे! ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, आशियात सगळ्यात लांब, २०२१ मध्ये उद्घाटन झालं. तीन हजार एकराच्या आसपास जागा, ब्रेक टेस्ट, वळणांचे ट्रॅक, खराब रस्त्याचे ट्रॅक, सगळं. आणि आहे केंद्र सरकारच्याच अवजड उद्योग मंत्रालयाचं. जगभरच्या कंपन्या येऊन तिथे गाड्या तपासतात आणि तासाभराच्या अंतरावरचे इंदूरचे पोलीस मात्र कॅटलॉग बघून गाडी घेणार, हे मला फार लागतं.

रामबागकर
वाचून अंगावर काटा आला. नॅट्रॅक्सचं डोक्यातच आलं नव्हतं. निवेदनात हा मुद्दा सगळ्यात वर घ्यायचा.

निवृत्त_एमटी
मी पोलीस खात्याच्या एमटी शाखेत, म्हणजे गाड्या सांभाळणाऱ्या शाखेत होतो, निवृत्त झालो. इंदूरला नव्हे, पण मध्यप्रदेशातच. धागा पूर्ण वाचला, मुलं चांगलं लिहितायत. काही गोष्टी आतल्या बाजूने सांगतो.

गाडी ड्रायव्हर निवडत नाही, ठाण्याचा टीआय पण निवडत नाही. वरून खरेदी होते, आता बहुतेक जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, आणि अटीत बसणाऱ्यांत जो स्वस्त त्याची गाडी येते. म्हणजे सगळा खेळ स्पेसिफिकेशनच्या कागदाचा आहे. कागदावर लिहिलं 'सात सीटर, डिझेल, पॉवर स्टिअरिंग, एसी' तर तेवढंच येतं. तिथे कोणी लिहिलं की मागच्या प्रत्येक सीटला बेल्ट पाहिजे आणि तोंड पुढे पाहिजे, इंजिन-तासांचा मीटर पाहिजे, मोठा अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर पाहिजे, तर ते द्यावंच लागतं. एकदा निविदा निघाली की तुम्ही कितीही ओरडा.

बॅटरीचा विषय कोणी काढला नाही म्हणून सांगतो. वर दिव्यांचा पट्टा, आत बिनतारी संच, जीपीएस, टॅब, कॅमेरा, मोबाईल चार्जिंग. इंजिन बंद केलं आणि हे सगळं चालू राहिलं तर गाडीची एकटी बॅटरी किती वेळ टिकणार? मग रामबागकर साहेबांनी जो धक्का बघितला तो मारावा लागतो. ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही ते फक्त एसीसाठी नाही, त्याला भीती असते की परत सुरू नाही झाली तर टीआय साहेब सोलतील. इलाज सोपा आहे, वायरलेस आणि दिव्यांना दुसरी वेगळी बॅटरी, मधे असा स्विच की पहिली बॅटरी फक्त इंजिन सुरू करण्यापुरती राखलेली. खर्च गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही. पण कागदात लिहिलेलं नसतं म्हणून होत नाही, मग ठाण्यातला इलेक्ट्रिशियन कंपनीच्या वायरी कापून जोड मारतो, वॉरंटी गेली आणि आगीची भीती वेगळी. अमेरिकेत भोकांमधून धूर आला म्हणता, आपल्याकडे तर भोकं मोजायला पण कोणी येत नाही.

आणि कंडमचा, म्हणजे गाडी भंगारात काढायचा नियम. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाडीचं रजिस्ट्रेशन पुढे होत नाही. त्यात सूट आहे ती चिलखती आणि तसल्या खास गाड्यांना, ठाण्याच्या साध्या जीपला नाही. पण गश्तीची गाडी १५ वर्षं चालवायची वेळच येऊ नये. दिवसरात्र चालणारी गाडी ५-६ वर्षांत म्हातारी होते. जुनी गाडी ठेवून पैसे वाचतात असं वरच्यांना वाटतं कारण दुरुस्तीचं बजेट वेगळ्या डोक्यावर असतं आणि खरेदीचं वेगळ्या. दोन्ही एका कागदावर मांडले की बघणाऱ्याचे डोळे उघडतात, मी मांडून दाखवले होते.

डिझेल_आणि_धूर
काका, एकेक शब्द खरा. त्यात हे पण घाला की बीएस-६ डिझेलवाली गाडी असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास बायपासवर किंवा सुपर कॉरिडॉरवर पळवून आणायची, लॉगबुकात त्याचं डिझेल मंजूर असलं पाहिजे. नाहीतर ड्रायव्हरला विचारतील कुठे फिरायला गेला होतास.

वीजवाली
नंदानगरची, सध्या पुण्यात, काम बॅटरीवरच्या गाड्यांचं. धूर दादांचं वाचून एक विचारावंसं वाटतं, शहरातल्या ठाण्यांसाठी इलेक्ट्रिक का नको? उभं राहण्याचा जो सगळा त्रास तुम्ही सांगितला तो इथे नाहीच. इंजिन नाही, डीपीएफ नाही, ऑईल नाही. एसी लावून चौराह्यावर उभी राहिली तर तासाला साधारण एक-दीड युनिट वीज, बस. दिवे आणि वायरलेस मोठ्या बॅटरीच्या जोरावर चालतील. समजा नेक्सॉन ईव्ही, चार मीटरच्या आत आहे, रुंदी १८०० च्या आसपास म्हणजे गल्लीचा प्रश्न बराच सुटतो, आणि भारत एनकॅपचे, म्हणजे आपल्या देशातल्या तशाच चाचणीचे, पाच स्टार आहेत २०२४ चे. म्हणजे पागनीसपागा ताई आणि माळवा दादा दोघांचं समाधान. चौराह्यावर उभ्या हवालदाराच्या नाकात धूर जात नाही हा फायदा वेगळा, ट्रॅफिकवाल्यांची फुप्फुसं काय होत असतील विचार करा.

माळवा_एक्सप्रेस
पण चार्जिंग? रात्री दोनला बॅटरी १० टक्के आणि खजराण्याहून दंगलीचा फोन, मग? आणि रंगपंचमीच्या गेरच्या, त्या मोठ्या मिरवणुकीच्या दिवशी?

वीजवाली
बरोबर, म्हणूनच मी सगळ्या म्हणत नाही. ११२ ची गाडी नको, तिला कधीही कुठेही जावं लागतं. ठाण्याची दुसरी गाडी, कोर्ट, हॉस्पिटल, समन्स, बीट फिरणं ह्या कामाची, ती रोज किती किलोमीटर जाते ते लॉगबुकात लिहिलेलंच असतं ना? तिथून काढा. विजय नगर, पलासिया, लसूडिया, सुपर कॉरिडॉरकडची ठाणी, जिथे चार्जर लावायला आवार आहे तिथे आधी थोड्या देऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून बघा. अंगावर घ्यायचं तर आकडे बघून घ्या, भाषणं ऐकून नको.

एक अडचण मी स्वतः सांगते, नेक्सॉन पाच माणसांची आहे. दोन शिपाई पुढे, मागे आरोपी आणि दोन्ही बाजूंना दोघं, झाली फुल. लाठ्या, ढाली, हेल्मेट, स्ट्रेचर कुठे ठेवणार? डिकी छोटी. तेव्हा ती सगळ्या कामांना पुरणार नाही.

पागनीसपागा
सीएनजीचं पण तेच होतं ना? अर्टिगा घ्या म्हणतात कोणी कोणी, सात माणसं, १७३५ रुंद, छोट्या जागेत वळते. पण सीएनजीचा सिलिंडर मागे बसला की सामानाची जागा गेली. आणि पंपावर रांग. पोलिसांनी रांगेत उभं राहायचं की फोन घ्यायचा?

डिझेल_आणि_धूर
पेट्रोल अर्टिगा वाईट नाही शहरात. डीपीएफची कटकट नाही, उभ्याने चालली तरी डिझेलइतकं नुकसान नाही. पेट्रोल जास्त लागेल पण गॅरेजचा खर्च वाचेल, हिशोब मांडून बघावा लागेल. दणकट मात्र नाही तेवढी, खड्ड्यांत आणि फुटपाथवर चढवून वापरली तर खालचे पार्ट जातात, आणि पोलिसांची गाडी फुटपाथवर चढतेच.

चोरलघाट
शहरवाल्यांचं चालू द्या, आमच्या सिमरोल-चोरलकडचं पण ऐका. इंदूर-खंडवा रोडवर भेरूघाटात रात्री ट्रक उलटला की पहिली पोचते ती पोलिसांची गाडी, ॲम्ब्युलन्सच्या आधी. पावसाळ्यात आतल्या गावांच्या रस्त्यांना माळव्याची काळी माती, चाकाला लिंपून बसते आणि मागचं चाक जागेवर फिरतं. इथे नेक्सॉन नि अर्टिगा काय करणार? इथे लॅडर फ्रेमची, मागच्या चाकांना ओढ असलेली, उंच गाडीच लागते. बोलेरो चालते, जुनी बोलेरो तर गावातला कुठलाही मिस्त्री खोलून दुरुस्त करतो. आमचं म्हणणं एवढंच की निओला एक स्टार असेल तर गावच्या पोलिसांनी एका स्टारच्या गाडीत का बसायचं? घाटात आम्ही आहोत, ट्रक आमच्याकडे उलटतात. शहराला पाच स्टारची आणि खेड्याला एका स्टारची ही वाटणी मनाला पटत नाही. उलट करा खरं तर, मोठी मजबूत गाडी घाटाला आणि छोटी पण मजबूत गाडी राजवाड्याला.

रामबागकर
चोरलघाट, हे वाचून थांबलोच. इतका वेळ आपण सगळे गल्लीबद्दल बोलत होतो आणि घाटाचा विचारच केला नाही. अगदी बरोबर आहे, १९१७ रुंदीची गाडी जिथे मावत नाही तिथे दिली आहे आणि जिथे तिची गरज आहे तिथे लहान. मला वाटतं शहर-गाव अशी वाटणी न करता रस्त्यावरून वाटणी व्हावी. डिसेंबर २०२१ पासून इंदूरला आयुक्त पद्धत आली, शहर आणि ग्रामीण पोलीस वेगळे झाले, पण आयुक्तांच्या हद्दीतही एकीकडे सराफा आहे आणि एकीकडे बायपास आहे. सराफ्यात दिवसा सोन्याची दुकानं, रात्री खाण्याची, दोन्ही वेळेला गाडी आत जाणं अशक्य. तिथे मोटरसायकल आणि चौराह्यावर एक आटोपशीर गाडी. रंगपंचमीच्या गेरला तर लाखो माणसं त्याच टोरी कॉर्नर-राजवाड्याच्या पट्ट्यात असतात, तेव्हा कोणाला चक्कर आली तर त्याला बाहेर काढणारं वाहन कुठलं, हा प्रश्नही यात आला पाहिजे.

सातासमुद्रापार
हे सगळं एका चाचणीत बसवता येतं. नॅट्रॅक्सवर ब्रेक, वळण, खराब रस्ता. मग एक तास एसी आणि सगळे दिवे लावून मे महिन्याच्या दुपारी उभी, लगेच फुल स्पीडने दहा किलोमीटर, हे पाच-सहा वेळा ओळीने, इंजिनाचं तापमान आणि डीपीएफ भरण्याचा वेग मोजायचा. मग मारोठिया संध्याकाळी, भेरूघाट पावसात, चार माणसं आणि सामान भरून. मार्क देणारे कोण? आरक्षक, ड्रायव्हर, एक महिला पोलीस नक्की, कारण सीट, पायरीची उंची, बेल्टची जागा हे सगळं उंचपुऱ्या पुरुषाच्या मापाने धरलेलं असतं. निविदेच्या आधी हे व्हायला हवं, नंतर नव्हे.

निवृत्त_एमटी
महिला पोलिसांचा मुद्दा चांगला घेतला. रात्रपाळीला बारा-बारा तास गाडीत काढावे लागतात त्यांना. गाडी हे त्यांचं ऑफिस, जेवणाची जागा आणि आराम करायची जागा तिन्ही आहे. सीटची कुशन दोन वर्षांत बसते, कोणी बदलत नाही, कमरेचा त्रास घेऊन निवृत्त झालेले ड्रायव्हर मी कितीतरी पाहिलेत. स्पेसिफिकेशनमध्ये सीट ठराविक मुदतीने बदलायची असं लिहिता येतं, देखभालीच्या करारात. लिहा.

पागनीसपागा
दीर हे वाचून काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले हे सगळं खरंच पाठवा.

माळवा_एक्सप्रेस
मी पण माझं मत बदलून टाकतो, सरसकट एकच गाडी नको. पण पाच स्टारच्या खाली कुठलीच नको, राजवाड्याला नको आणि चोरलला पण नको, ह्यावर मी ठाम आहे. निवेदनात ही ओळ माझ्याकडून.

डिझेल_आणि_धूर
पाच स्टार लिहा पण मागच्या सीटसकट लिहा, आणि तासाच्या मीटरवर सर्व्हिस पण. डीपीएफची पानभर सोपी माहिती मी लिहून देतो, मराठीत नको, हिंदीत, म्हणजे ड्रायव्हरच्या हातात देता येईल. दिव्यांची चित्रं काढून.

रामबागकर
मसुदा मी करतो, रविवारपर्यंत इथे टाकतो. वीजवाली, तुम्ही चार्जिंगचा हिशोब द्या, आणि चोरलघाट तुम्ही घाटाचा परिच्छेद तुमच्या शब्दांतच लिहा, मी त्याला हात लावणार नाही. एमटी काका, पत्ता कोणाचा घालायचा? पोलीस आयुक्त, इंदूर असं पुरे का?

निवृत्त_एमटी
फक्त आयुक्तांना देऊन फाईल तिथेच राहील, कारण खरेदी इंदूरहून होत नाही. मुख्य पत्र भोपाळला पोलीस मुख्यालयाच्या नावाने करा, प्रत आयुक्तांना, प्रत ग्रामीण एसपींना, आणि नॅट्रॅक्सला वेगळं पत्र की अशी चाचणी घेऊन द्याल का आणि किती खर्च येईल. त्यांचं उत्तर हातात आलं की मुख्यालयाच्या पत्राला जोडा, नाहीतर पहिला शेरा हाच मारतील की खर्चाचा अंदाज नाही. आणि पानं चारच्या वर नेऊ नका, स्पेसिफिकेशनच्या ओळी तयार करूनच द्या, जशाच्या तशा उचलता येतील अशा. त्या ओळी मी लिहून देतो, मला त्यांची भाषा माहीत आहे.